मुलाचा राग: आजोबांचे वळण, वयाचे हार्मोन्स की घरचे वातावरण?

गोदाकाठ

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. नुकतीच त्याला चौदा वर्षे पूर्ण झाली. लहानपणी तो अबोल, पण मायाळू होता. गेल्या दहा-अकरा महिन्यांत मात्र त्याच्या रागाने सगळे घर धास्तावले आहे. मागच्या आठवड्यात कंपासपेटी सापडेना म्हणून त्याने दप्तर भिंतीवर आपटले आणि मी "आधी नीट शोध" एवढेच म्हटल्यावर समोरचे ताट हाताने उलटवले. वरणाचा ओघळ फरशीवरून पार दारापर्यंत गेला. तो पुसायला मी खाली वाकले आणि मला माझे बालपणच समोर दिसले, कारण माझे वडील अगदी असेच करीत. आमटीत मीठ कमी पडले, पेपर उशिरा आला, एवढ्याशा कारणावरून ते ताट भिरकावत आणि आई एक शब्दही न बोलता फरशी पुसून घेत असे.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्याआधीची सहा वर्षे ते आमच्याकडेच राहत होते, म्हणजे मुलाने वयाच्या चौथ्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत आजोबांना रोज पाहिलेले आहे.

आता घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे. सासूबाई म्हणतात, "आजोबांच्या वळणावर गेला आहे, रक्तातच आहे ते; खाण तशी माती." यजमानांचे म्हणणे असे की हे वयाचे हार्मोन्स आहेत, दोन वर्षांत आपोआप निवळेल, आपण लक्ष देऊ नये. त्याच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या की घरात वळण लावण्यात कमी पडलो. शिवाय त्याच्या शिकवणीच्या ठिकाणी बोटांच्या ठशांवरून मुलाचा जन्मजात स्वभाव सांगणारी एक चाचणी करून देतात. तिची फी काही हजार रुपये आहे आणि ती करून घ्या असा आग्रह चालला आहे.

मला कोणाला दोष द्यायचा नाही. पण स्वभावातले किती आनुवंशिक असते, किती हार्मोन्समुळे असते आणि किती आपल्या हातात असते, हे जाणकारांनी नीट समजावून सांगितले तर पुढे काय करायचे ते ठरवता येईल.

जुना प्राध्यापक

ताई, मी एकतीस वर्षे महाविद्यालयात आनुवंशशास्त्र शिकवले. आपण लिहिलेल्या तिन्ही मतांत तथ्य आहे. मात्र एका मुलाच्या बाबतीत "किती टक्के कशाचे" हा प्रश्न विचारताच येत नाही, हे आधी सांगतो, कारण बहुतेक घरांत गोंधळ होतो तो इथेच.

जुळ्यांच्या अभ्यासातून टक्केवारी निघते हे खरे आहे. समरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात आणि भिन्न जुळ्यांची साध्या भावंडांइतकीच जुळतात. म्हणून पहिल्या जोड्यांमधले साम्य दुसऱ्या जोड्यांपेक्षा किती जास्त आहे, यावरून आनुवंशिकतेचा अंदाज बांधतात. २०१५ साली 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात अशा पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १ कोटी ४५ लाखांहून अधिक जोड्यांची माहिती होती आणि तपासलेल्या सर्व गुणांची सरासरी काढली असता माणसामाणसांतील फरकापैकी सुमारे ४९ टक्के फरक आनुवंशिक भेदांशी जोडता आला. हा आकडा ऐकला की लोकांना वाटते, मुलाचा निम्मा राग आजोबांकडून आला आणि निम्मा घरातून. तसा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. तो आकडा एका समाजातील माणसांमधल्या फरकाविषयी बोलतो, एका माणसाच्या घडणीविषयी नाही.

जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड ल्यूवाँटिन यांनी यासाठी बियाण्याचे उदाहरण दिले होते. ते मी वर्गात आपल्याकडच्या शेतावर आणून सांगत असे. एकाच पोत्यातले सरमिसळ गावरान ज्वारीचे बी घ्या. अर्धे काळ्या, भिजवलेल्या रानात पेरा आणि अर्धे मुरमाड माळावर. काळ्या रानात सगळ्या धाटांना माती-पाणी सारखेच मिळाले असल्यामुळे त्यांच्या उंचीतला फरक हा बियाण्यातला फरक असतो. माळावरही तेच. दोन्हीकडे आनुवंशिकतेचा वाटा मोजला तर तो भरपूर निघेल. तरीही माळावरची ज्वारी गुडघाभर आणि रानातली पुरुषभर का झाली, याचे उत्तर बियाण्यात सापडणार नाही, ते मातीत आहे. म्हणून एखादा गुण आनुवंशिक ठरला एवढ्यावरून तो अटळ ठरत नाही.

यासाठी मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण नॉर्वेतले आहे. तिथल्या एका आईची दोन मुले जन्मतः चांगली दिसत होती, पण वाढता वाढता त्यांची बुद्धी मंदावत गेली. मुलांच्या लघवीला एक चमत्कारिक वास येतो हे त्या आईच्या लक्षात आले. कोणी दाद देईना, तरी तिने तो धागा सोडला नाही. अखेरीस १९३४ साली डॉ. आसब्यर्न फॉलिंग यांनी त्या लघवीचे पृथक्करण करून फेनिलकीटोन्युरिया हा विकार शोधून काढला. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले की हा विकार होतो. आहारातल्या प्रथिनांमधले फेनिलअॅलनिन शरीराला पचवता येत नाही, ते रक्तात साठत जाते आणि मेंदूची हानी होते. उपचार झाले नाहीत तर अशा मुलांमध्ये तीव्र मतिमंदत्व येते आणि वागण्यात चिडचिड, अस्वस्थता दिसते. इतका निखळ आनुवंशिक विकार, पण जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो ओळखला आणि दूध, डाळ, अंडी यांसारखे पदार्थ काटेकोरपणे मर्यादित ठेवून खास आहार दिला, तर तेच मूल इतर मुलांबरोबर शाळेत शिकते. जनुक तेच राहते, फक्त पानात काय वाढायचे ते बदलते.

आता "आजोबांच्या वळणावर" या शब्दांकडे येतो. आपल्या भाषेत मूल कोणाच्या तरी वळणावर जाते आणि त्याच मुलाला वळण लावलेही जाते. वारसा आणि संस्कार या दोहोंसाठी आपण एकच शब्द वापरतो, आणि मला त्यात मोठे शहाणपण दिसते. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेले काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. काही उंदीरमाता पिलांना खूप चाटतात, काही फारशा चाटत नाहीत. खूप चाटलेली पिले मोठेपणी शांत राहतात, ताण आला तरी लवकर सावरतात, आणि त्यांतल्या माद्या पुढे आपल्या पिलांनाही तसेच चाटतात. वरवर पाहिले तर हा गुण रक्तातून उतरला असेच कोणीही म्हणेल. पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी पिलांची अदलाबदल केली, तेव्हा कमी चाटणाऱ्या आईच्या पोटची पिले खूप चाटणाऱ्या आईकडे वाढली आणि वळणाला वाढवणाऱ्या आईच्या गेली. पुढे २००४ साली त्यांनी असेही दाखवले की त्या मायेचा ठसा मेंदूतील ताणाच्या संप्रेरकाशी संबंधित एका जनुकावर रासायनिक खुणांच्या रूपाने उमटतो. जनुक बदलत नाही, ते किती उघडे राहायचे आणि किती मिटलेले, एवढे बदलते. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण पिढ्यानुपिढ्या दिसते म्हणून ते जनुकांतूनच आले असे मानण्याची घाई करू नये, एवढे त्यातून नक्की शिकता येते.

आपला मुलगा सहा वर्षे ती ताटे पाहत वाढला. त्याला आजोबांची काही जनुके मिळाली आहेत आणि आजोबांचे रागावणेही मिळाले आहे. ही दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी मिळाली असल्यामुळे त्यांची वजाबाकी कोणत्याही प्रयोगशाळेत होणार नाही.

बोटांच्या ठशांच्या चाचणीवर पैसे घालवू नका. ते ठसे आईच्या पोटातच ठरतात, त्यावर बोटांच्या वाढीचा आणि गर्भाशयातल्या बारीकसारीक परिस्थितीचाही परिणाम होतो, आणि म्हणूनच समरूप जुळ्यांचे ठसेदेखील एकमेकांशी जुळत नाहीत. ज्यांची जनुके सारखी त्यांचेही ठसे वेगळे निघतात, मग त्या रेषांत जन्मजात स्वभाव कुठून लिहिलेला असणार?

दवाखान्यातून

मी किशोरवयीन मुलांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. प्राध्यापकांच्या विवेचनात हार्मोन्सचा भाग राहिला आहे, तो लिहिते.

"वयाचे हार्मोन्स" म्हटले की बहुतेकांच्या मनात टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन म्हणजे राग असे समीकरण असते. ते फार ढोबळ आहे. २०१० साली 'नेचर'मध्ये झुरिकच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सुमारे १२० स्त्रियांपैकी काहींना टेस्टोस्टेरॉनचा एक डोस आणि काहींना नुसती बिनऔषधी मात्रा देऊन त्यांना पैशांच्या वाटणीचा खेळ खेळायला लावला. कोणाला काय दिले हे त्यांना सांगितले नव्हते. ज्यांना खरोखर हार्मोन मिळाला होता त्यांनी समोरच्याला अधिक न्याय्य वाटा देऊ केला. याउलट "आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळाले आहे" अशी ज्यांची समजूत झाली होती, त्या प्रत्यक्षात काहीही मिळालेले असो, अधिक आपमतलबीपणे वागल्या. म्हणून मुलाच्या समोर "याचे हार्मोन्स उसळले आहेत, हा आता असाच वागणार" असे बोलणे मला धोक्याचे वाटते. ती समजूत मुलाच्या मनात स्वतंत्रपणे काम करते.

हार्मोन्स वागणुकीला वळवतात तसे वागणे हार्मोन्सनाही वळवते. फिलिपिन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांचा साडेचार वर्षे पाठपुरावा केला गेला आणि तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. या काळात जे बाप झाले त्यांचे टेस्टोस्टेरॉन बरेच उतरले होते, आणि बाप झालेल्यांपैकी जे रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचे करीत त्यांचे, मुलाच्या संगोपनात भाग न घेणाऱ्यांपेक्षा कमी होते. बाळाला अंगावर घेऊन जोजवणाऱ्या माणसाचे रक्तसुद्धा बदलते, ही गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या वडिलांना आवर्जून सांगते.

ताई, आपल्या मुलाबद्दल मी पहिला प्रश्न झोपेचा विचारीन. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे या मुलांना लवकर झोप येत नाही. तो आळस किंवा हट्ट नव्हे. या वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. आपल्या राज्यात २०२४ साली शाळा नऊनंतर भरवण्याचा जो निर्णय झाला तो चौथीपर्यंतच्या वर्गांपुरता आहे. नववीचा मुलगा सात वाजता वर्गात हजर असेल तर तो किती वाजता झोपतो हे लिहून ठेवा. सहा तासांवर दिवस काढणारे मूल संध्याकाळी कंपासपेटीवरून भडकले, तर त्यात आजोबांचा वाटा शोधण्याआधी घड्याळ पाहावे.

इंद्रायणी

मी जाणकार नाही. पण घरात घडलेली एक गोष्ट इथे लिहावीशी वाटते.

माझे बाबा तापट नव्हते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते एकाएकी तसे झाले. शेजाऱ्यांशी भांडण, रिक्षावाल्यांशी भांडण. आईने चहा पुढे ठेवला की तो गार आहे म्हणून ओरडणे. सगळे म्हणू लागले की आमचे आजोबाही उतारवयात असेच झाले होते, घराण्यातच आहे. आम्ही ते मान्य करून टाकले आणि सव्वा वर्ष तसेच काढले. आज मागे वळून पाहते तेव्हा सगळ्या खुणा समोरच होत्या असे लक्षात येते. कपबशी हातात घेतली की बशी खुळखुळायची. डिसेंबरात पुण्याच्या थंडीत सगळे स्वेटर घालून बसलेले असताना बाबा पंखा लावायचे. जेवण वाढले होते आणि वजन मात्र अकरा किलोंनी उतरले होते. एका डॉक्टरांनी निवृत्तीची काळजी म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी आत शिरताक्षणी त्यांना हात समोर पसरायला सांगितले, बोटांवर एक कागद ठेवला, त्याची थरथर पाहिली आणि थायरॉईडची, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीची तपासणी लिहून दिली. ग्रंथी प्रमाणाबाहेर हार्मोन तयार करीत होती. कार्बिमॅझोल हे औषध सुरू झाले आणि तीन-चार महिन्यांत आमचे जुने बाबा परत आले. हट्टी ते आधीही होते, नंतरही राहिले, ओरडणे गेले.

पुढे सहा वर्षांनी मला नेमके उलटे झाले. अंग जड, सारखी झोप, कशातच मन नाही, कारण नसताना रडू. या वेळी लगेच रक्त तपासले. माझी ग्रंथी मंदावलेली निघाली. डॉक्टरांनी समजावले की दोन्ही विकारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, आणि हा कल घराण्यात चालतो. एकात तो आगीच्या रूपाने दिसतो, दुसऱ्यात गारठ्याच्या. म्हणजे "घराण्यात आहे" हे आमच्या नातेवाइकांचे म्हणणे एका अर्थी खरेच होते. पण ते वाक्य ऐकून आम्ही तपासणीला जायचे थांबलो, याचे मला आजही वाईट वाटते. आजोबांनाही बहुधा हेच झाले असावे. त्यांची बशी वाजत होती का, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही.

माळावरचा

इंद्रायणीताईंच्या शेवटच्या ओळी वाचून लिहितो आहे. "रक्तातच आहे" हे वाक्य एका घरापुरते असते तेव्हा तपासणी राहून जाते. ते कायद्यात शिरते तेव्हा काय होते हे आमच्या समाजाने भोगले आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हा आईबापांकडून मुलाकडे उतरतो, जशी सुताराची विद्या सुताराच्या मुलाकडे, असा त्यामागचा विचार होता. ज्या जमातीत जन्म झाला तेवढ्यावरून माणसाची नोंद होई, हजेरी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. पुढे तारांच्या कुंपणाच्या वसाहती आल्या. लोक त्यांना सेटलमेंट म्हणत. माझे आजोबा अशाच एका वसाहतीत जन्मले आणि त्यांना चालता येण्याआधी त्यांचे नाव वहीत होते. जमिनीचा तुकडा नाही, फिरून पोट भरायची मुभा नाही, शाळा नाही; मग त्या वस्तीत कोणी चोरी केली की तीच चोरी रक्ताचा पुरावा म्हणून दाखवली जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि आम्ही विमुक्त झालो. तरी मी आठवीत असताना वर्गात कोणाचे तरी पेन हरवले, तेव्हा माझेच दप्तर आधी उलटे केले गेले. पेन त्यात नव्हते.

प्राध्यापकांनी सांगितलेली माळावरची ज्वारी मला नीट कळली, सर. ऐंशी वर्षे आम्हाला माळावर पेरले आणि बियाणे खराब म्हणून लिहून ठेवले.

ताई, आपल्या मुलाला घरात कोणी "आजोबांवर गेला" असे रागाच्या क्षणी म्हणत असेल तर ते थांबवा, एवढीच विनंती.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी हे सगळे दोनदा वाचले आणि यजमानांनाही वाचायला दिले.

डॉक्टरताई, चार रात्री वेळ लिहून ठेवली. शिकवणी साडेनऊला सुटते, जेवण दहाला, मग गृहपाठ आणि मोबाइल. दिवा बंद होतो तो पावणेबाराला, आणि शाळेसाठी साडेपाचला उठवावे लागते. पावणेसहा तास. हे माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होते.

काल रात्री मी त्याच्याजवळ बसून आजोबांचा विषय काढला. त्यांना कशाचा राग यायचा, तुला आठवते का, असे विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कशाचा ते नाही आठवत. ते ओरडले की सगळे गप्प बसायचे आणि त्यांचे ऐकायचे, तेवढे आठवते." मी त्यावर काही बोलू शकले नाही. माझी आई गप्प बसत असे आणि त्या सहा वर्षांत मीही गप्पच बसले होते. त्याने आजोबांकडे पाहिले तसे आमच्याकडेही पाहिले होते, हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

एक शंका आहे. त्याचे वजन उतरलेले नाही, हातही थरथरत नाहीत. तरीही थायरॉईड तपासावे का?

दवाखान्यातून

लक्षणे नसतील तर तो विकार निघण्याची शक्यता कमी आहे, पण वागण्यात वर्षभरात इतका बदल झाला असताना एकदा टीएसएच ही थायरॉईडची रक्तचाचणी करून घेणे योग्य, सोबत हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्वही पाहा. टीएसएचसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. मुलाला बरोबर बसवून त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलणारा डॉक्टर निवडा; शाळेत कोणी त्रास देत आहे का, हे मुले आईसमोर सहसा सांगत नाहीत. शिकवणीची वेळ आधीची मिळते का ते पाहा, आणि मोबाइल रात्री घरातल्या सगळ्यांचेच दुसऱ्या खोलीत ठेवा, एकट्या त्याचा नको.

पुन्हा ताट उलटले तर ते पुसायला आपण एकट्याने वाकू नका. राग उतरल्यावर त्याला सोबत घ्या, आणि त्या वेळी त्याचे बाबाही तिथे असू द्यात.

गोदाकाठ

सोमवारी सकाळी तपासणीला नेत आहे. यजमान रजा काढून बरोबर येणार आहेत.